तिच्या ओठांना कोणता रंग?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात 'कामाबाहेरचं माझं काही' या सत्रात केलेलं भाषण)



माझ्याआधी कोणी गाणं म्हटलं, कोणी स्वतः शिवलेली गोधडी दाखवली. मला दोन्ही येत नाही. मी एक अर्धपुतळा घेऊन आले आहे. माझ्या मधल्या बोटापेक्षाही बुटका, एका सैनिक बाईचा. गेले चार महिने, रात्री मागचं आवरून झालं की तासभर मी तो ॲक्रिलिक रंगांनी रंगवत बसायचे. एरवी हुंड्यावर आणि पोटगीवर बोलणारी ही बाई आज रंगाच्या बाटल्यांवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. विरंगुळा म्हणून हातात घेतलं आणि ओठांपाशी येऊन अडकले. त्या अडकण्याविषयी बोलायचं आहे.

अर्धपुतळा म्हटलं की आपल्याला शाळेच्या व्हरांड्यातला किंवा नगरपालिकेच्या आवारातला आठवतो. जयंतीला धुवायचा, पुण्यतिथीला हार घालायचा आणि अधूनमधून सोनेरी रंगाचा एक हात मारायचा. हात चढत जातात तसा चेहरा बुजत जातो आणि शेवटी खालची पाटी वाचूनच माणूस ओळखावा लागतो. मी म्हणते तो प्रकार निराळा. स्पेन, इटली, इंग्लंड अशा देशांत हा मोठा शौक आहे. जुन्या सैनिकांचे छोटे अर्धपुतळे रेझिनमध्ये ओतलेले मिळतात. रोमन शिपाई, नेपोलियनचे घोडेस्वार, दोन महायुद्धांतले जवान. बहुतेक माणसाच्या एकदशांश मापाचे, म्हणजे डोकं जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. येतात ते कोरे, राखाडी. त्यांना माणूस करायचं काम रंगवणाऱ्याचं.

हा शौक मूळ माझ्या दिरांचा. त्यांनी बाहेरदेशाहून मागवलेल्या पाच-सहा खोक्यांत एक बाई निघाली. "वहिनी, ही तुम्हीच रंगवा. बाप्याला दाढीचे खुंट दाखवले की चेहरा उभा राहतो, बाईचं मला जमत नाही," म्हणाले. खोक्यावर नाव होतं ल्युदमिला पावलिचेन्को, सेव्हास्तोपोल, १९४२.

कोण ही? मला माहीत नव्हती, म्हणून वाचायला लागले. जन्म १९१६चा, आजच्या युक्रेनमधल्या बिला त्सेर्कवा गावचा. लहान वयात लग्न, एक मुलगा, मग घटस्फोट. कारखान्यात काम केलं, पुढे कीव्हच्या विद्यापीठात इतिहास शिकायला गेली. १९४१च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला तेव्हा ती विद्यार्थिनी होती. भरती व्हायला गेली तर नर्स हो म्हणाले. ती बंदुकीवर अडून बसली. आधी ओडेसा, मग सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात ती दबा धरून नेम साधणारी सैनिक म्हणून लढली. तिच्या नावावर ३०९ बळी नोंदले आहेत. आकडा सोव्हिएत सरकारी नोंदीतला आहे आणि त्यात प्रचाराचा भाग किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला त्या वादात शिरायचं नाही. जून १९४२मध्ये उखळी तोफगोळ्याचे तुकडे तिच्या चेहऱ्यावर लागले आणि तिला आघाडीवरून काढून घेतलं.

चेहऱ्यावर लागले, हे लक्षात ठेवा. कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी तिला अमेरिकेला पाठवलं, युरोपात दुसरी आघाडी उघडा असं तिथल्या लोकांना सांगायला. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वागत केलेली ती पहिली सोव्हिएत नागरिक. एलेनोर रूझवेल्ट तिला देशभर सभांना घेऊन फिरल्या. आणि वार्ताहरांनी तिला काय विचारलं? आघाडीवर बायका लिपस्टिक-पावडर लावतात का. हा गणवेश अंगाला बरा दिसत नाही, त्यात जाड दिसता, झगा जरा आखूड नको का. वेढ्यातून, रक्तातून आलेल्या बाईला हे प्रश्न! नटायला बंदी नाही, पण लढाई चालू असताना नाकाची चकाकी कोणाच्या ध्यानात असते, अशा अर्थाचं तिने उत्तर दिलं. सुरुवातीला ती गांगरली, पुढे सरावली. शिकागोच्या सभेत पुरुषांना तिने उघडच विचारलं, की माझ्या पाठीआड आणखी किती दिवस लपणार आहात.

हे वाचलं आणि मग खोक्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं. ओठ लालभडक. पापण्यांना काळी रेघ. गालावर गुलाबी. त्याच मालिकेतल्या पुरुषांच्या खोक्यांवर घाम, धूळ, खुंट, सुजलेले डोळे. ऐंशी वर्षांनंतरही तोच वार्ताहर, फक्त आता त्याच्या हातात ब्रश!

पण त्या वेळी मला एवढं कळलं नाही. खोक्यावर दाखवलंय तसं करायचं, असंच वाटलं. आधी थोडं काम कसं केलं ते सांगते, कारण मधल्या सुट्टीत तिघींनी विचारलंय.

रेझिनच्या पुतळ्यावर साच्यातलं तेलकट द्रव्य राहतं. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातघासणीने धुवायचं, नाहीतर रंग धरत नाही. सांध्याच्या रेषा पॉलिश पेपरने घासायच्या, त्याही ओल्या करून आणि तोंडाला मास्क लावून. रेझिनची भुकटी छातीत जाणं चांगलं नाही. मग प्रायमरचा फवारा. आधी सगळीकडे काळा, तो वाळला की फक्त वरच्या बाजूने पांढरा. डोक्यावर ऊन आलं तर उजेड कुठे पडेल आणि सावली कुठे राहील, ते आपोआप दिसतं. भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळं उरतं. पुढचे चार महिने तोच नकाशा.

ॲक्रिलिकच का? तैलरंगांत चेहरा सुंदर मिळून येतो, पण वाळायला दिवस जातात आणि टर्पेंटाइनचा वास. आमच्या दोन खोल्यांत, मुलगी शेजारी अभ्यासाला बसलेली, ते शक्य नव्हतं. ॲक्रिलिक पाण्यात मिसळतं, ब्रश नळाखाली धुतला की झालं, आणि काही मिनिटांत वाळतं. तासभरच मिळणाऱ्या बाईचा रंग आहे तो. मात्र हे लवकर वाळणंच त्याचा दोषही आहे. एप्रिलात तर बशीत काढलेला रंग ब्रश भिजवेपर्यंत साय धरतो. त्यावर उपाय म्हणजे ओली पॅलेट. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला. डब्यावर मी मोठ्या अक्षरात 'रंग' लिहिलंय, कारण सासूबाईंनी एकदा तो ढोकळ्याचा समजून उघडला.

त्वचेच्या रंगाची एक वेगळीच गंमत. बऱ्याच संचांत 'फ्लेश' नावाची बाटली असते. आतला रंग गोरा गुलाबी. आपल्या शाळेच्या खडूंच्या डबीतला 'स्किन कलर' आठवतो? वर्गात एकीचीही कातडी त्या रंगाची नव्हती आणि आम्ही सगळ्या आपल्या आईला त्याच रंगाने रंगवायचो. पावलिचेन्को गोरी होती हे खरं, पण काळ्या समुद्राच्या काठी खंदकात महिनोन्महिने काढलेली गोरी. मी ती बाटली बाजूला ठेवली. पिवळी माती, भाजकी तांबूस माती, पांढरा, कणभर लाल असं मिसळून घेतलं. सावलीसाठी काळा कधीच नाही, त्याने चेहरा मळतो. त्याऐवजी तांबूस मातीत थोडा निळा. रंग दुधासारखा पातळ करायचा आणि थरावर थर द्यायचा. एक थर काहीच दाखवत नाही, आठ-दहा थरांनंतर खाली माणूस आहेसं वाटायला लागतं. वाळल्यावर ॲक्रिलिक थोडं गडद होतं, तेही धरून चालावं लागतं.

शिवाय चेहरा एका रंगाचा नसतोच. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटीचा भाग जरा करडा. डोळ्यांखाली अगदी पातळ जांभळा. इथे मला शिकावं लागलं नाही. आमच्या केंद्रात दहा वर्षं मी बायकांचे चेहरे जवळून बघतेय. माराचा वळ आधी लाल-जांभळा असतो, पुढे हिरवट होतो, मग पिवळट होऊन विरतो. जागरणाचा रंग वेगळा, रडण्याचा वेगळा. दिरांनी डोळ्यांखालचा भाग बघितला आणि म्हणाले, "वहिनी, हे कुठे शिकलात?" मी काही बोलले नाही.

गणवेशावर फार वेळ घेत नाही. एकच सांगते. सोव्हिएत सैन्यात खांद्यावरच्या पट्ट्या आल्या त्या १९४३च्या जानेवारीत. त्याआधी हुद्दा कॉलरवर असायचा, मिन्याचे छोटे लाल चौकोन. 'सोव्हिएत संघाची वीर' हा किताब तिला मिळाला ऑक्टोबर १९४३मध्ये. म्हणजे १९४२च्या सेव्हास्तोपोलमधल्या या बाईच्या छातीवर सोन्याचा तारा असू शकत नाही. आमच्या खोक्यात तो होता, वेगळा चिकटवायला दिलेला. मी चिकटवला नाही. त्या दिवसापर्यंत जे मिळालेलं नाही ते तिच्या अंगावर कशाला?

आमच्या माईंनी, केंद्रातल्या सगळ्यात ज्येष्ठ कार्यकर्त्या त्या, मला एकदा सरळ विचारलं. "दिवसभर हिंसेविरुद्ध बोलतेस आणि रात्री बंदूकवालीला रंगवतेस?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि जे सुचलं त्याने त्यांचं समाधान झालं नाही. मी म्हटलं, तिच्या देशात घुसलेल्या फौजेशी ती लढली. त्या म्हणाल्या, प्रत्येक फौज हेच म्हणते. तेही खरं. ज्या सेव्हास्तोपोलसाठी ती लढली त्या शहरावर २०१४पासून रशियाचा ताबा आहे, तिचं जन्मगाव युक्रेनमध्ये आहे, आणि २०२२पासून त्याच मातीत पुन्हा माणसं मरताहेत. माईंचा प्रश्न मी खोडून काढू शकलेले नाही. पण सोव्हिएत फौजांत त्या युद्धात आठ लाखांच्या आसपास बायका होत्या असं मानलं जातं. त्यांना पुतळ्यात जागा द्यायची नाही आणि बाप्यांना मात्र चौकाचौकांत घोड्यावर बसवायचं, हा काही युद्धविरोध नव्हे. एवढं मी माईंना म्हणाले. त्या हसल्या, आणि चहा टाक म्हणाल्या.

आता डोळे. माझं माहेर पेणचं. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. श्रावण-भाद्रपदात आळीतल्या बायका तिथे रोजाने जायच्या, माझी आत्याही. त्या अंगाला रंग द्यायच्या, पितांबर, किरीट, दागिने सगळं करायच्या. डोळ्यांची आखणी मात्र त्या कारखान्यात बाप्येच करायचे. आत्याचा हात थरथरत नसे, तरी तिला कधी कोणी आखणीचा ब्रश दिला नाही. आखणीवाला आला की बायका बाजूला होऊन बघत उभ्या राहायच्या. मीही त्यांच्यात. तेव्हा पाहिलेलं कामी आलं. कोपर टेबलावर टेकवायचं, दोन्ही मनगटं एकमेकांना लावायची, श्वास सोडून थांबायचं आणि मग रेघ. माणसाचा डोळा मात्र देवासारखा मोठा, पूर्ण उघडा करायचा नाही. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जायला हवा, नाहीतर चेहरा दचकलेला दिसतो. पांढरा कधी शुद्ध पांढरा नाही, कणभर करडा, कोपऱ्यात कणभर गुलाबी. वरच्या पापणीची रेघ गडद तपकिरी, खालची जवळपास नाहीच. काळी रेघ आली की काजळ झालं. डावा डोळा मी पाच वेळा पुसला. सहाव्या वेळी दोन्ही डोळे एकाच जागी बघायला लागले. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

आणि मग ओठ. खोक्यावरच्यासारखे मी ते लाल केले. दोन थर. घरात सगळ्यांना आवडले. मुलगी म्हणाली, आई, आता बाई दिसतेय. खरंच दिसत होती. मलाही आवडली होती, हे कबूल करते.

त्याच आठवड्यात केंद्रात एका जुन्या प्रकरणाचा केसपेपर काढावा लागला. बाई तीन वर्षांपूर्वी आली होती, नवऱ्याच्या छळाची तक्रार घेऊन. पहिल्या भेटीची नोंद माझ्याच अक्षरात. 'नीटनेटकी, चेहऱ्यावर मेकअप, लिपस्टिक लावलेली.' बाकी दोन ओळी. एम. एस. डब्ल्यू.ला आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं, की निरीक्षण वेगळं आणि अनुमान वेगळं ठेवा. मी फक्त निरीक्षण लिहिलं होतं ना? पण पुरुष तक्रारदाराच्या कागदावर मी कधी असं काही लिहिलंय? दाढी केलेली, तेल लावलेलं? आणि हे लिहून मी पुढे कोणाला काय सांगत होते? ती बाई दुसऱ्या भेटीनंतर काही दिवस आली नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा बोलता बोलता तिने डोळे पुसले आणि पदराबरोबर गालावरची पावडर निघाली. खाली पिवळट पडलेला वळ होता, जुना. पहिल्या भेटीत तो जांभळा असणार. तिने तो झाकला होता, कारण बसमध्ये लोक बघतात. आणि मी झाकण लिहून ठेवलं होतं. १९४२च्या वार्ताहरांना नावं ठेवायला मी मोकळी, पण माझा कागदही फायलीत आहे.

त्या रात्री ओठ पुसायला बसले. वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. वरून त्वचेचा रंग चढवत गेले तर थर जाड होऊन दोन ओठांमधली रेघ बुजायला लागली. शेवटी करोनाच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर घेतलं. स्पिरिटने ॲक्रिलिक मऊ होऊन सुटतं. सुटलं, पण खालच्या प्रायमरसकट. चार महिन्यांच्या चेहऱ्याच्या मधोमध कोरं राखाडी भोक. तसं तोंड घेऊन ती आठवडाभर फडताळात होती. मला हात लावायचं धैर्य होत नव्हतं.

इथे एक गैरसमज व्हायला नको. लिपस्टिक लावली म्हणून बाई कमी लढाऊ, असं मला म्हणायचं नाही. तो वाद आपण जुन्या शिबिरांत पुष्कळ घातलाय, आणि आपल्यातल्याच काहींना त्यात उगाच दुखावलंय. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी त्या युद्धातल्या शेकडो बायकांच्या आठवणी गोळा केल्या, त्यांचं पुस्तक १९८५मध्ये आलं. त्यात खंदकातही नटण्याची हौस टिकवलेल्या बायका आहेत. परतल्यावर फौजेतली बाई म्हणून लोक नावं ठेवतात, म्हणून पदकं लपवलेल्या बायकाही आहेत. ज्यांनी स्वतः लाल रंग लावला त्यांच्या ओठांना मी तो आनंदाने देईन. पण हिच्या ओठांवर तो हिने लावलेला नव्हता.

मग नवीन ओठ केले ते असे. त्वचेचाच रंग घेतला, त्यात तांबूस माती आणि थोडा जांभळट लाल. वरचा ओठ गडद, कारण तो खाली झुकतो आणि सावलीत असतो. खालच्यावर उजेड पडतो, म्हणून तिथे त्वचेच्या रंगाचा एक फिका स्पर्श. मधली रेघ गडद तपकिरी, तुटक. कोपऱ्यांत जरा जास्त. मग फिक्या रंगाच्या दोन उभ्या बारीक चिरा, वाऱ्याने फुटलेल्या ओठाच्या. केसागणिक काम, पंधरा मिनिटांत झालं. सॅनिटायझरची जखम मात्र नीट बघितलीत तर डाव्या कोपऱ्याखाली अजून थोडी खडबडीत लागेल.

मुलीने सकाळी पाहिलं. म्हणाली, दमलेली दिसतेय. मग थोड्या वेळाने विचारलं, हिचा मुलगा तेव्हा कुठे होता? हे मी वाचलेलं होतं, आजीकडे. ते तिला सांगितलं.

केसपेपरवरची ती ओळ मी खोडलेली नाही. खोडायची नसतेच. खाली तारीख घालून दुसरी नोंद केली आहे, की पहिल्या भेटीतल्या वर्णनाचा तक्रारीशी संबंध नव्हता आणि गालावरचा वळ माझ्या नजरेतून सुटला. आमच्या केंद्रात आता कपड्यालत्त्याचं वर्णन लिहायचं की नाही यावर चर्चा चालू आहे. दोघींचं म्हणणं आहे की कोर्टात कधीकधी ते उपयोगी पडतं. तुमच्या केंद्रांत काय पद्धत आहे ते मला जेवणाच्या वेळी जरूर सांगा.

पुतळा इथे टेबलावर ठेवते. उचलून बघायला हरकत नाही, पण खालच्या लाकडी ठोकळ्याला धरा. चेहऱ्याला बोट लावू नका, वरचं मॅट वार्निश परवाच दिलंय.